सातव्या नंबरची गोळी

अक्का, तुमची औषधांची डबी काल धुऊन पालथी घातली. सोमवार ते रविवार सात खण, प्रत्येक खणात तीन कप्पे. दर रविवारी सकाळी मी ती भरायला बसले की तुम्ही समोरच्या खुर्चीवरून म्हणायचात, "भर गं, तोफ भर." शुक्रवार दुपारच्या कप्प्यात काल वेलदोडा निघाला. शनिवार दुपारच्याही. दुपारची गोळी बंद झाल्यापासून ते कप्पे रिकामेच असायचे आणि रिकामी जागा तुम्हाला बघवत नसे. मी ओट्यापाशी एकटीच मोठ्यानं हसले. प्रमोद धावत आला. हल्ली घरात जरा आवाज झाला की तुमचा मुलगा धावत येतो. मी त्याला वेलदोडा दाखवला. त्यानं तो सोलून तोंडात टाकला.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. या दिवसांत करायच्या कामांची यादी मी दुसऱ्याच दिवशी केली होती, हे तुम्हाला सांगायला नकोच. तुमच्या नऊवारी कुणाकुणाला द्यायच्या, वॉकर कुठे पोचवायचा, बेळगावच्या कुणाला फोन राहिलाय. बहुतेक सगळ्यावर बरोबरची खूण झाली. एक ओळ उरली. ती या अठरा दिवसांतली नाही. दोन वर्षं आणि वर काही महिने, दर महिन्याच्या एक तारखेला मी ती जुन्या पानावरून नव्या पानावर उतरवत आले: "अक्कांना ७ नंबरचं सांगणे." दूधवाल्याला सांगणे आणि गॅसवाल्याला फोन करणे यांच्या मध्ये ती ओळ गुपचूप बसलेली असायची. तुम्ही माझी वही कधी उघडली नाहीत, त्यामुळे माझं फावलं. आज ते काम करायला बसले आहे. उशीर झालाय, पण तुम्ही मला ओळखता. यादीतलं काम मी टाकून देत नाही.

सुरुवात त्या बुधवारपासून करते. दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावरच्या सरोजम्मांनी नेहमीप्रमाणे जिन्याच्या कठड्यावर झारा वाजवला. टण टण टण. म्हणजे चौकाबाऱ्याचा, तुमच्या कवड्यांच्या खेळाचा, पट मांडला आहे, या. तुम्ही आडव्या झाला होतात, तशा ताडकन उठलात, दोन पावलं टाकलीत आणि पडलात. मी ऑफिसात होते. सरोजम्मांचा फोन आला तेव्हा त्या रडत एकच वाक्य म्हणत होत्या, "मी बोलावलं म्हणून पडल्या, मी बोलावलं म्हणून."

खुब्याचं हाड मोडलं होतं. मी तासाभरात फाइल घेऊन रुग्णालयात हजर झाले. ऑफिसातल्या भांडार विभागात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. कुठली वस्तू कधी आली, कुठल्या कपाटात आहे, हे मला झोपेत विचारा. तशीच तुमची फाइल. रंगीत कप्पे, जुने रिपोर्ट, दहा गोळ्यांची टाइप केलेली यादी, प्रत्येकीला नंबर. हाडांचे डॉक्टर ती बघून म्हणाले, "फाइल असावी तर अशी." त्या संकटातही मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

बेळगावहून तुमच्या धाकट्या दिरांचा फोन आला, "एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला कशाला ऑपरेशन? पडून राहू देत घरी." प्रमोदही डळमळला. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तर तुम्ही आम्हाला घाबरवूनच सोडलंत. मी पलंगाशी आले तर तुम्ही माझ्याकडे बघत म्हणालात, "ओ मास्तर, निपाणीची गाडी कुठल्या फलाटावर लागती?" एका शिकाऊ डॉक्टरनं वार विचारला, तुम्ही म्हणालात, "दोन द्या, खिडकीजवळचं." त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. मी ते उलटं वाचलं. स्मृती कमी, असं होतं. मी म्हटलं, कालपर्यंत तर ही बाई सरोजम्मांच्या चार पिढ्यांची नावं सांगत होती.

तेवढ्यात डॉक्टर शैलजा आल्या. पोरसवदा, पायात स्पोर्ट्स शूज, केसांत पेन खोचलेलं. म्हणाल्या, मी फक्त म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर, हाडवाल्यांनी मला बोलावलंय, ऑपरेशनच्या आधी अज्जींना पूर्ण बघायचंय. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "अज्जी चष्मा लावतात? कानाला मशीन?"

"हो, दोन्ही आहे. घरी नीट ठेवलंय," मी म्हटलं. रुग्णालयात वस्तू हरवतात म्हणून मी ते रुमालात गुंडाळून, वर चिठ्ठी लावून, कपाटात कुलपात ठेवलं होतं. माझ्या यादीत ते 'मौल्यवान वस्तू' या मथळ्याखाली होतं.

डॉक्टर शैलजांनी लगेच प्रमोदला ते आणायला घरी, येलहंक्याला पिटाळलं. तो येईपर्यंत त्यांनी तुमचा पलंग खिडकीकडे वळवून घेतला, दुखणं कमी करायचं औषध द्यायला लावलं, तुम्हाला थोडं थोडं पाणी पाजलं. प्रमोद आला. चष्मा मी तुमच्या डोळ्यांवर चढवला, मशीन मीच तुमच्या उजव्या कानात बसवलं. तुम्ही चारी बाजूंना बघितलंत आणि डॉक्टरांना विचारलंत, "तू कुठल्या गावची गं? लग्न झालं काय?"

"अज्जी बऱ्या आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

मग तो तासभर. अक्का, तुमच्या माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मजेचा तास असेल, आणि तुम्ही तर मोडक्या खुब्यानं पलंगावर होतात. त्यांनी तुम्हाला घड्याळ काढायला सांगितलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला. तुम्ही छान गोल काढलात, बारा आकडे बरोबर बसवलेत, आणि काटे लावलेत अकरा-वीसवर. डॉक्टरांचा चेहरा जरा पडला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ही आमच्या घरातली अकरा-दहा हाय. सुनेनं सगळी घड्याळं धा मिनिटं पुढं करून ठेवलीत. तिला कुठंबी उशीर झालेला खपत नाही." डॉक्टर खुर्चीवर मागे रेलून हसल्या. शेजारच्या पलंगावरच्या बाईही हसल्या. मीच तेवढी हसले नाही, कारण खरं होतं.

मग जेवण काय, वजन उतरलंय का, लघवीला घाई होते का, एकटं वाटतं का, रडू येतं का, घरात पायऱ्या किती, पायपुसणी कुठे आहेत. वर्षभरात आधी कधी पडलात का? मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, "दोनदा." मी वही काढली. "बारीक पडणं होतं. तुझ्या वहीत कशाला उगाच एक पान वाढवायचं?"

दिरांच्या फोनबद्दल प्रमोदनं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "वय फाइलवर लिहिलंय. मला ते सोडून बाकीचं सांगा. पडण्याआधी अज्जी स्वतःचं काय काय करत होत्या?" तुमच्या दुखण्यांच्या माझ्याकडे चार याद्या होत्या. तुम्हाला काय काय येतं याची एकही नव्हती. तुम्हीच सांगितलंत. आंघोळ आपली आपण. ताक घुसळणं. जास्वंदीला पाणी. "आणि बारा पायऱ्या चढून जाऊन सरोजम्माला हरवणं. रोज."

"बरी झाल्यावर पहिलं काय करायचंय?"

मला वाटलं, देवळाचं नाव घ्याल. तुम्ही म्हणालात, "मंगळवारचा डाव अर्धा राहिलाय. माझी सोंगटी आत जायच्या बेतात हाय."

डॉक्टरांनी ते अक्षरन् अक्षर लिहून घेतलं. ऑपरेशन करायचं, उद्याच करायचं, हे तिथेच ठरलं.

शेवटी त्यांनी माझी गोळ्यांची यादी घेतली. एकेका गोळीवर पेन ठेवून कानडीत विचारायच्या, "इद्याके?" ही कशासाठी? मी पटापट सांगत गेले. एक, थायरॉइड. दोन, रक्तदाब. सहापर्यंत गाडी सुसाट. सातवर पेन थांबलं. "इद्याके?"

"यादीत आहे म्हणून," असं काहीतरी मी पुटपुटले.

फाइलच्या तळाशी मूळ चिठ्ठी सापडली. दीड वर्षापूर्वी तुमच्या पायांना सूज आली होती, त्यासाठी लघवी जास्त करायची गोळी, सकाळी एक, दुपारी एक. पुढे डॉक्टरी अक्षरात, पण स्वच्छ: पंधरा दिवस. मी यादीत गोळीचं नाव उतरवलं होतं, वेळ उतरवली होती, आणि पंधरा दिवस उतरवायचे राहिले होते. एकदा यादीत आलेली गोळी मी दीड वर्ष न चुकवता दिली. सहलीला गेलो तरी दिली. तुम्ही म्हणायचात, "उठलं की चक्कर येती गं," मी वहीत लिहायची, 'चक्कर, पाणी वाढवणे.' तुम्ही म्हणायचात, "सारखं आत-बाहेर, माझा दिवस बाथरूमातच जातोय," मी बाथरूममध्ये नवा दिवा लावून घेतला.

तुम्ही डोळे मिटून पडला होतात. डॉक्टर मला पलंगाच्या पायथ्याशी घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, रक्तातलं मीठ खूप उतरलंय, बहुधा या गोळीनं. त्यानं डोकं गरगरतं, माणूस भ्रमतो, एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो. म्हातारं माणूस एकाच कारणानं पडत नाही, हाडं, डोळे, पायपुसणं, घाई, सगळं मिळून पडतं. "पण हे एक कारण आपल्या हातातलं होतं. आजपासून बंद." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "तुमच्यासारखी यादी ठेवणारी माणसं मला हवीच असतात. फक्त एक रकाना वाढवा. बंद कधी."

मी विचारलं, "त्यांना सांगू?"

"ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या.

मी त्याच दिवशी वहीत ओळ लिहिली. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

पुढचं खरंतर सगळं तुमच्या विजयाचंच आहे. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी दोघांनी धरून तुम्हाला उभं केलं आणि तुम्ही फिजिओच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढायला लावलात. पायऱ्यांचा नियम त्यानं शिकवला, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तुम्ही त्याचा मंत्र केलात: "चांगला कैलासाला, वाईट पाताळाला." जिन्यावरून तो मंत्र अख्ख्या गल्लीला ऐकू यायचा. पहिल्या आठवड्यात एक पायरी. महिन्यानं चार. चौथ्या महिन्यात एका रविवारी, मी मागे, प्रमोद पुढे, तुम्ही बाराव्या पायरीवर पोचलात. सरोजम्मांनी ओवाळायला तबक आणलं तर म्हणालात, "आरती राहू दे, पट काढ. त्या मंगळवारपासनं माझा डाव हाय."

खाली बसायला मनाई होती. म्हणून पट टेबलावर आला. यावरून आपलं जे भांडण झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमचं म्हणणं, टेबलावर चौकाबारा म्हणजे वाटीत आंघोळ. माझं म्हणणं, डॉक्टरांनी लिहून दिलंय. अजूनही माझंच बरोबर आहे, अक्का.

शनिवार-रविवारी तुम्ही मलाही खेळायला ओढलंत. तुमच्या सोंगट्या हिरव्या बांगडीचे तुकडे, सरोजम्मांच्या कॉफीच्या बिया, माझे चिंचोके. नियम तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलात: दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही, आणि मारणाऱ्याला आणखी एक डाव मिळतो. कवड्या टाकताना तुम्ही लबाडी करायचात. बोटानं एक कवडी उलटी करायचात. हे मी आज लेखी नोंदवून ठेवते, तुम्ही नेहमी नाकारलंत.

मी मात्र दोन वर्षं तुमची एकही सोंगटी मारली नाही. दान पडलं तरी दुसरा चिंचोका पुढे सरकवायची. मारायच्या त्या कॉफीच्या बियाच. सरोजम्मा करवादायच्या, "यावागलू नन्ने!" नेहमी मलाच! मला वाटायचं, कुणाच्या लक्षात येत नाही.

दोन महिन्यांमागचा तो रविवार. मला तीन पडले. तीन घरांवर तुमची हिरवी बांगडी, चिंचोका नेमका मागे. मी दुसऱ्या चिंचोक्याला हात घातला. तुम्ही माझं मनगट धरलंत.

"मार की."

"नको, हा पुढे नेते."

"खुळी की काय? एकदा पाडलंस की मला. आता सोंगटीला कशाला भितीस?"

आणि तुम्ही हसलात. तुमचं ते दात नसलेलं, खांदे हलवणारं हसू. सरोजम्माही हसल्या. मी 'कॉफी ठेवते' म्हणून उठले आणि सरोजम्मांच्या स्वयंपाकघरात, दुधावर साय धरेपर्यंत उभी राहिले. तुम्हाला माहीत होतं का? की सहज बोललात, मी कधी डावात तुम्हाला हरवलं असेल म्हणून? बाहेर आले तेव्हा विषय बदलला होता. मग दर दिवशी म्हटलं, उद्या विचारू. पुढच्या महिन्याची एक तारीख आली, मी ओळ उतरवली. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही दुपारच्या झोपेतून उठलाच नाहीत. चारला झारा वाजला, तुम्ही उठला नाहीत, म्हणून आम्हाला कळलं.

परवा रविवारी चार वाजता पुन्हा झारा वाजला. टण टण टण. प्रमोदनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. मी वर गेले. अर्ध्या जिन्यात लक्षात आलं, मी दर पायरीला तुमच्यासारखा उजवा पाय आधी टाकतेय, माझे दोन्ही पाय धड असूनही. वर सरोजम्मा टेबलाशी बसल्या होत्या. पट आखलेला. मी बसलेच नाही. उभ्यानंच सांगून टाकलं, पंधरा दिवस, दीड वर्ष, सात नंबर, सगळं. म्हटलं, तुमचा झारा नव्हता त्याला कारण. माझी यादी होती. आणि हे मी अक्कांना सांगितलं नाही.

सरोजम्मांनी खुर्ची पुढे ओढली. "कूतको," म्हणाल्या. बस. "माझा झारा मी बंद केला होता, आठवतं? तुम्ही तिला घरी आणल्यावर तीन आठवडे वाजवला नाही. मग परत चालू का केला?"

मला खरंच आठवत होतं. मी कधी विचार केला नव्हता.

"अक्कानं मला बोलावून घेतलं. म्हणाली, तू रडतीस ते बंद कर, तुझ्या झाऱ्यानं नाही पडले, गोळीनं पडले. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? म्हणाली, डॉक्टरीण सुनेशी बोलत होती, मी डोळे मिटून ऐकलं. कानाचं मशीन तिनंच घातलं होतं की तासाभराआधी!"

अक्का, मी हसू लागले. मशीन मीच बसवलं होतं. उजव्या कानात. दिवा हिरवा झाला का, तेही बघितलं होतं.

"मी म्हटलं, मग सुनेला सांग, तुला माहितीय म्हणून. तर म्हणाली, नको गं. तिला कळलं तर ती त्याचीपण यादी करेल."

मग आम्ही दोघी बराच वेळ हसलो, मधूनच रडलो, पुन्हा हसलो. खालून प्रमोद ओरडला, "काय झालं?" आणि धावत बाराही पायऱ्या चढून आला. त्याला सांगायला मला पुन्हा सुरुवातीपासून सगळं सांगावं लागलं. या वेळी सोपं गेलं.

तुम्ही दोन वर्षं माझ्या हातची गोळी घेतलीत, अक्का. सगळं माहीत असून, दर सकाळी, तळवा पुढे करून. एकदाही विचारलं नाहीत, ही कशासाठी. माझ्या यादीत आता तो रकाना आहे. आमच्या विभागातल्या तिघींच्या घरी तसाच कागद फ्रिजवर लावलाय, मी स्वतः आखून दिला. तुम्ही रिकाम्या कप्प्यात वेलदोडे ठेवलेत ते मी परत डबीत ठेवणार आहे. उरलाय एकच, पण चालेल.

तुमच्या हिरव्या सोंगट्या सरोजम्मांनी पटावर मांडल्याच होत्या. "त्यांच्या बाजूनं कोण टाकणार?" मी विचारलं. "प्रमोद," त्या म्हणाल्या. त्यानं कवड्या टाकल्या, आणि बघा, यानंही बोटानं एक उलटी केली. रक्तातच आहे. मग माझी पाळी आली. दोन पडले. दोन घरांवर तुमची बांगडी.

सरोजम्मा माझ्याकडे बघत होत्या. मी चिंचोका उचलला, एक घर, दोन घरं, आणि तुमची सोंगटी पटाबाहेर ठेवली.

मारली, अक्का.

मारणाऱ्याला आणखी एक डाव मिळतो. मी कवड्या हातात घेतल्या.